भाताची रास आणि गुणाबाईंची राख

पिशवी बाहेर ठेवा म्हणून दारातच सांगितलं होतं. मी ठेवली नाही, आणि तेवढ्यावरून गुणाबाईंची नोकरी जायची वेळ आली.

मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाच्या पुढे रस्त्यालगत एका हौशी धनिकाने आधुनिक कलेचं संग्रहालय बांधलंय. भिंतीवरचं एक निळं चित्र सुलटं टांगलंय की उलटं, हे ठरवण्यासाठी मी मागे मागे सरकत गेलो आणि पाठीवरच्या पिशवीने तोल जाऊन तिच्यासकट भाताच्या राशीत बसलो. ही रासही कलाकृतीच. कमरेएवढी, सालासकटच्या खऱ्या भाताची. शेजारी पाटी : 'पोकळी. माध्यम : भात, जागा, काळ.'

"हलू नका! हाय तिथंच बसा!"

लुगड्यावर संग्रहालयाचा करडा कोट घातलेल्या गुणाबाई धावत आल्या. या दालनाची राखण त्यांच्याकडे. त्यांनी मला नाही, राशीला निरखलं. राशीवर चारी अंगांनी राखेच्या रेघा होत्या. त्यातल्या दोन माझ्या बुडाखाली गेल्या होत्या.

"मोडलीस ना रेघ!" अहो-जाहो गळून पडलं. "कोणी धाडला तुला?"

गुणाबाईंचा संशय वंशपरंपरागत आहे. बापाने लहानपणी खळ्यावर राखणीला बसवलं, तेव्हापासूनचा. झोडलेल्या भाताची रास घातली की वर राखेच्या रेघा मारायच्या. मूठभर जरी कोणी उचललं, तरी रेघ सांगते. आजही मुरबाडच्या एसटीत चढताना त्या पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, मग दोन प्रवाशांना विचारतात, आणि तरी सीटच्या टोकावर बसतात. जावयाने आणलेल्या पेढ्यांचा पुडाही त्यांनी आधी वाण्याकडे नेऊन तोलून घेतला होता. इथे नोकरी मागायला आल्या, तेव्हा मालकांनाच विचारलं, "ह्यात चोरण्यासारखा काय हाय?" मालकांनी तिथल्या तिथे कामावर घेतलं.

पण महिन्याभरात रास तीन बोटं उतरली. दर शनिवारी संग्रहालयाच्या व्यवस्थापक शीतल मॅडम पट्टी लावून उंची मोजतात. दालनाची किल्ली गुणाबाईंकडे आणि घरी चूलही गुणाबाईंकडेच, म्हणून मॅडमची नजर त्यांच्यावर गेली. "मावशी, पुढच्या शनिवारी कमी भरलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." भात ओलं आणलंय, सुकून बसणारच, हे गुणाबाईंनी सांगून पाहिलं. कोणी ऐकेना. मग त्यांनी घरच्या चुलीतली राख आणली आणि मॅडमच्या देखत राशीवर रेघा ओढल्या.

आणि आज शनिवार होता.

"रेघ मोडली नसती तर मी दाखवली असती," त्या म्हणाल्या. "आता मीच चोर."

तेवढ्यात मॅडम पट्टी घेऊन आल्याच. पट्टी लावली. एक बोट कमी. मॅडमनी आधी मोडलेल्या रेघांकडे पाहिलं, मग गुणाबाईंकडे.

खरं सांगतो, मी दाराकडे बघत होतो. पण गुणाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि ती नजर सहन करण्यापेक्षा कबुली सोपी होती.

"मी बसलो," मी म्हणालो. "आत्ता. ही बघा, पिशवीला राख आहे, विजारीलाही आहे."

मी वळून पुरावा दाखवला. मॅडमनी तो घाईघाईने मान्य केला.

"मग बाकीच्या बघा!" गुणाबाईंना एकदम बळ आलं. "तिन्ही बाजूंनी फिरा. मागल्या शनवारी तुमच्याम्होरंच मारल्या ना? एक तरी मोडली हाय? रेघ जाग्यावर आन रास खाली, मंजी नेला कोणी? वाऱ्यानी?"

मॅडम राशीभोवती फिरल्या, वाकल्या, पुन्हा फिरल्या. शेवटी भाताचे चार दाणे दाताखाली धरून बघितले. कडक वाजले.

"सुकलंय," त्या पुटपुटल्या. "मावशी, सोमवारी वेळेवर या." जाता जाता पाटीवर पेन्सिलने 'राख' एवढा शब्द वाढवून गेल्या.

गुणाबाईंनी कोटाच्या खिशातून पुडी काढली आणि माझ्या बैठकीची जागा सारखी करून दोन नव्या रेघा ओढल्या. मला फार बरं वाटलं. एका बाईची अब्रू आपण वाचवली, ती मुळात आपणच धोक्यात घातली होती हा तपशील सोडला तर. निघताना मी ऐटीत विचारलं,

"काय गुणाबाई, आता तरी बसला ना माझ्यावर विश्वास?"

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"आदी बूट झाडा."