नऊवारी आतडं

वाशिम जिल्ह्यात असा एकही माणूस उरला नसेल, ज्याला आमच्या भाऊजींनी "पोट साफ हाय न?" असं विचारलेलं नाही. लोक भेटले की पाऊसपाणी विचारतात, सोयाबीनचा भाव विचारतात. आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, थेट मोठ्या आतड्यालाच हात घालतात. रिसोडजवळच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पचनसंस्थेचा धडा काही संपला नाही. मला पाहायला शेलूबाजारहून एक स्थळ आलं होतं. मुलगा लाजाळू, पोह्यांची बशी नुकतीच हातात घेतलेला. भाऊजींनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. म्हणाले, "सकाळी किती वेळ बसा लागते?" ते स्थळ पोहे अर्धवट टाकून जे गेलं, ते गेलंच. मी रागाने लाल झाले, तर मलाच म्हणतात कसे, "ज्याचं पोट खरं बोलत नाही, तो माणूस काय खरं बोलीन?"

घास गिळला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं. भाऊजींचं काम तिथून सुरू होई. रोडग्यांच्या पंगतीत शेजारच्याला सांगत, "चाऊन खा बाप्पा, जठराले दात नसतात." रविवारी वजडी आणली की धुवायला स्वतः बसत, बकऱ्याच्या पोटाचे कप्पे परातीत मांडत आणि गल्लीतल्या पोरांना हाका मारत. "बकऱ्याचे चार, माणसाचं एक. तरी हावरट कोण, सांगा!" एकदा माझ्या आईला म्हणाले, "आई, तोंडापासून शेवटापर्यंत सारी नळी लांब केली, त तुमच्या नऊवारी लुगड्याएवढी भरते. निऱ्या घालून बसवली हाय निस्ती." आई बिचारी घाबरली. "मंग जावईबापू, एखांदी निरी सुटली त?" पुढे कितीतरी दिवस ती पोटाला हात धरूनच उठायची-बसायची. आम्ही हसून हसून बेजार.

आणि या माणसाच्या घरात दिव्याखाली अंधार असावा! ताईला रोज सकाळी तोच प्रश्न, आणि ताईचं रोज तेच उत्तर, "हाय साफ, चहा घ्या." तिला शौचावाटे रक्त पडत होतं. साऱ्या तालुक्याला विचारणाऱ्या नवऱ्याला तिने लाजेपायी सांगितलं नाही. ती चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या आतड्याच्या शेवटाला गाठ आहे, आताच काढली तर बाई वाचेल. पण तेवढा भाग जाणार, आणि आतड्याचं तोंड पोटावर, डाव्या बाजूला काढावं लागणार. त्यावर मळ साठायला पिशवी, कायमची.

ताई नाही म्हणाली. "असं पोटावर बांधून मी चार बायांत बसू कशी? वास आला त? मले मरण परवडलं." भाऊजींनी चित्रं काढली, समजावलं, चिडले, हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. मीही रडून पाहिलं. दिवस चालले होते आणि आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

मग भाऊजी गप्प झाले. आम्हाला वाटलं, हरले. रोज सदरा घालून बाहेर जायचे, बाजार करायचे, लग्नाच्या पंगतीत बसायचे, संध्याकाळी परत. एके दिवशी जीपमधून शेलूबाजारला निघाले. आपल्याकडची जीप म्हणजे मांडीवर मांडी. गचका बसला, शेजारचा माणूस अंगावर आदळला आणि भाऊजींच्या सदऱ्यातून पिवळंधम्मक काहीतरी त्याच्या धोतरावर ओघळलं. तो ओरडला, "ओ सर, डबा सांडला न तुमचा!"

भाऊजी तसेच घरी आले. ताई उठून बसली. "हे काय करून आले?" त्यांनी सदरा वर केला. दवाखान्यातून मागून आणलेली पिशवी पोटाला चिकटवलेली, डाव्या बाजूला, फाटलेली. "पातळ पिठलं हाय," ते म्हणाले. "आठ दिस झाले. पंगतीत जेवलो, यष्टीत बसलो, तुह्या बाजूले झोपलो. तुले तरी समजलं काय?"

ताई बघतच राहिली. मग जी हसत सुटली! हसता हसता रडली, सदरा ओढून घेतला, हळदीचे डाग जात नाहीत म्हणून त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि मोरीकडे जाता जाता म्हणाली, "तारीख घ्या डॉक्टरची."

आज ताई लग्नाकार्यात ठसक्यात मिरवते, अजून कुणाला पत्ता नाही. भाऊजींचा प्रश्नही गावभर चालूच आहे. मी त्यांची नक्कल केली की सगळे हसतात, तेही हसतात. पण मला मधूनच ऑपरेशनची सकाळ आठवते, आणि माझी नक्कल अडखळते. ताईला आत नेलं होतं. दार बंद झालं. भाऊजी बाकावर माझ्या शेजारी बसले होते, हात मांडीखाली दाबून. पोटातली प्रत्येक घडी ज्यांना पाठ, ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "पोट उघडल्यावर तिले थंडी त नाही वाजणार न?"

मी म्हटलं, "पांघरूण देतात, भाऊजी."

"देतात न?" त्यांनी पुन्हा विचारलं.