मी सांगेपर्यंत बस

त्या शुक्रवारी आमच्यापैकी कुणालाच सबनीसचा फोन आला नाही. एरवी दर शुक्रवारी जेवणं उरकली की तो यायचाच, शनिवारच्या बास्केटबॉलच्या सामन्यासाठी. बोलणं दोनच प्रकारचं. ‘उद्या आहेस’ म्हणजे खेळायचं, ‘उद्या बस’ म्हणजे बाकावर. कारण विचारायची सोय नव्हती, विचारायच्या आत फोन ठेवलेला असायचा. आणि गंमत बघा, फोन आला नाही तेव्हा आम्ही सगळे आपापल्या घरात एकच समजून बसलो, की वगळलं ते आपल्याला एकट्यालाच. संघातला रॉडेल रुसला, गोरान रुसला, मी तर आधीपासूनच रुसलेला होतो. एकाही शहाण्याने दुसऱ्याला फोन करून विचारलं नाही. तिकडे तोआ पायोह भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सबनीस ऑफिसातून येऊन सोफ्यावर टेकला होता, तो उठलाच नव्हता... हॉस्पिटलचे सगळे सोपस्कार उरकून शनिवारी सकाळी वहिनींनी मला फोन केला, तेव्हासुद्धा मी फुरंगटलेलाच होतो. ‘भावजी, हे गेले हो,’ त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘फोन हातातच होता. तुमचं नाव काढलेलं होतं.’

आज काही आठवडे उलटून गेले, तरी हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते सांगायचं तर आधी सबनीस सांगायला हवा.

सार्सची साथ ओसरल्यावर तो अमेरिकेहून आमच्या बँकेत इथे सिंगापूरला आला. मी हिशेब विभागात, तो दोन टेबलं पलीकडे. येताना तिकडच्या फुटबॉलचं वेड घेऊन आला होता. सोमवारी तारवटलेल्या डोळ्यांनी यायचा आणि मला तो खेळ समजावून सांगायचा. ‘गोड्या, त्यात एक माणूस नुसता लाथ मारण्यापुरता मैदानात येतो. आणि काही धटिंगण असे असतात, की चेंडूला हात लावणं हे त्यांचं कामच नाही. समोरच्याला अडवून धरायचं, बस्स. संघ उभा असतो तो त्यांच्यावर.’ हेच तत्त्व त्याने बास्केटबॉलला लावलं. इथे कामाला आलेल्या देशोदेशीच्या लोकांचे संघ शनिवारी त्याच्या ब्लॉकखालच्या कोर्टवर खेळतात. बाकीचे संघ उंच माणसं गोळा करायचे. सबनीस आधी बाक भरायचा, म्हणजे राखीव गडी गोळा करायचा. ‘पहिले पाच कुणीही निवडेल रे. त्यातला एक पडला की कळतं, संघ आहे की जत्रा.’ रॉडेल हा मनिलाचा, हाताचा चपळ. गोरान सर्बियाचा, सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या कामावर होता, उंचीला ताडमाड. आणि मी? मी उभ्या जन्मात बास्केटबॉल हातात धरला नव्हता. एकदा दुपारच्या गर्दीत हॉकर सेंटरला, इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, टेबल अडवून उभा होतो. दोन चिनी आजीबाई ट्रे घेऊन चाल करून आल्या, मी तसूभर हललो नाही. सबनीस वाडगा हातात धरून बघत होता. म्हणाला, ‘गोड्या, शनिवारी ये. तू काही करू नकोस. फक्त असाच उभा राहा.’ पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला कुणी प्रथमच कुठल्यातरी संघात घेत होतं, आणि तेही माझ्या आकाराबद्दल! बायको पोट धरून हसली. पण माझ्या आडोशाने रॉडेल मोकळा सुटायचा आणि आम्ही जिंकायला लागलो.

आता त्याची ती सवय सांगतो. सामना सुरू झाला की हा गृहस्थ कोर्टच्या कडेच्या सिमेंटच्या बाकावर मैदानाकडे पाठ करून बसायचा. समोर सायकली लावायचा कठडा, तो बघत. मी म्हटलं, ‘अरे, इकडे खेळ चाललाय!’ तर म्हणाला, ‘डोळे फसवतात. उंची दिसते, दंड दिसतात. पाऊल खोटं बोलत नाही.’ नुसत्या बुटांच्या आवाजावरून तो सांगायचा कोण थकलाय, कोण घाबरलाय, कोण बायकोशी भांडून आलाय. आम्ही हसत होतो, एका शुक्रवारी त्याने गोरानला बसवेपर्यंत. कारण काय, तर डावा पाय उशिरा पडतोय. गोरानने त्याच्या भाषेत ज्या काय शिव्या दिल्या असतील त्या असोत. पण पुढच्याच आठवड्यात जहाजाच्या शिडीवरून उतरताना त्याचा डावा गुडघा सपशेल गेला, परत खेळायला कित्येक महिने लागले. मग रॉडेलला बसवलं आणि वर दटावून डॉक्टरकडे धाडलं. त्याच्या हृदयाची एक झडप जन्मापासून अधू निघाली. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, औषधं घेऊन तो पुन्हा खेळायला लागला. त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही. बेडोकला आमच्या घरी सबनीस जेवायला आला की माझी मुलगी चवड्यांवर चालायची. ‘बाबा, अंकल सो स्केरी लाह,’ म्हणून हळूच माझ्या कानात कुजबुजायची. तिलाच कशाला बोलू, मीही त्याच्यासमोर पाय न वाजवता जायला लागलो होतो.

शेवटच्या काही महिन्यांत तो सगळ्यांनाच बसवायला लागला. आज हा, उद्या तो. एकेकाचं पाऊल उशिरा पडतंय म्हणायचा. सामने धडाधड हरलो. शेवटी शेवटी पाच माणसं उभी करायची मारामार झाली. आणि मग माझी पाळी आली. आम्ही नेहमीच्या टपरीवर कॉफी पीत होतो. त्याने आपली कॉफी तशीच ठेवली होती आणि मान कलती करून काहीतरी ऐकत होता.

‘गोड्या, तुझं एक पाऊल उशिरा पडतंय.’

‘कुठलं?’

‘तेच कळत नाही रे... मी सांगेपर्यंत बस.’

मी भडकलो. ‘तू काय ज्योतिषी लागून गेलास?’ म्हटलं आणि तावातावाने उठलो.  मी जाताना तो माझ्या पावलांकडे कान लावून बसला होता, हे मला वळून न बघताही कळलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, काळीज बैलाचं आहे. तसा मी शनिवारी कोर्टवर जात होतो, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला, सबनीसशी अबोला धरून. आणि दर शुक्रवारी ‘उद्या आहेस’ची वाट बघत होतो.

तो सांगायच्या आतच गेला. फोनवर माझं नाव काढून गेला. काय सांगणार होता? आहेस, की बस? तो गेल्यावर काही दिवसांनी रॉडेलने मला गळ घातली, माणसं कमी आहेत, ये. मी गेलो. बूट बांधले. आणि हसू नका, पण कोर्टच्या पांढऱ्या रेघेपलीकडे माझा पाय पडेना. तपासण्या चोख होत्या, पण गोरानच्या गुडघ्याबद्दल आणि रॉडेलच्या झडपेबद्दल सबनीस चुकला नव्हता...  तसाच परत फिरलो. ‘गेलेल्या माणसाचा हुकूम जन्मभर पाळत बसणार का?’ बायको म्हणाली.  मला मरणाची भीती वाटत होती, सरळ सांगतो. जिन्यावर, ऑफिसात, एमआरटीच्या फलाटावर, मी स्वतःचीच पावलं ऐकत चालत होतो.

संघाचे चेंडू सबनीसच्या घरी होते, ते आणायला एका रविवारी गेलो. वहिनींनी चहा टाकला. हॉलमध्ये काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, भिंतीवर घड्याळ नाही, नुसता त्याचा गोल डाग आहे.

‘बिघडलं का?’ मी विचारलं.

‘कुठलं बिघडतंय! यांनीच काढून कपाटात टाकलं. म्हणे, मधला एक ठोका गाळतंय. सेल बदलले, दुकानात दाखवलं, दुकानदार म्हणाला चांगलं चाललंय. मग पंख्याच्या मागे लागले. मग वरच्या मजल्यावरच्या आजींकडे जाऊन आले, तुमच्याकडे कोणी लंगडतं का विचारायला. मला इतकी लाज वाटली, भावजी! शेवटी मलाच म्हणाले, वैजू, तू हल्ली एक पाऊल चुकवतेस...’

वहिनी एकदम थांबल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.  घड्याळ, पंखा, वरच्या आजी, वहिनी, संघातले आम्ही सगळे, शेवटी मी... सगळीकडे एकच ठोका चुकत होता, आणि तो ऐकणाराही एकच होता.

‘डॉक्टर म्हणाले होते,’ वहिनी अगदी हळू म्हणाल्या, ‘यांच्या छातीतला ठोका कधीपासूनच चुकत असणार. त्रास काही होत नव्हता का, विचारत होते. मी नाही म्हणाले.’

मी त्यांच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. अरे गाढवा, रॉडेलला दटावून धाडलंस, तसं तुला धाडणारा आमच्यात कुणीच का नव्हता! आधी बाक भरलास, मग पाच भरलेस, आणि स्वतःला कुठल्या यादीत धरलंच नाहीस. आम्ही इतके जण तुझ्या शेजारी बसत होतो, आमच्यातल्या एकाच्याही कानाला काही लागलं नाही. मी तर अबोला धरून दुसऱ्या टोकाला.

‘पण मग फोन, वहिनी? मला काय सांगणार होता?’

‘ते मला कसं कळणार, भावजी?’ त्या म्हणाल्या. चेंडूंची जाळी उचलून मी निघालो. दारापर्यंत जाताना मला जाणवलं, वहिनी मान कलती करून माझी पावलं ऐकत होत्या.

पुढच्या शुक्रवारी आमची जेवणं उरकली आणि फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, सबनीस. बायकोच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी फोन कानाला लावला.  पलीकडून वहिनींचा आवाज आला, ‘उद्या आहात.’ आणि मी काही विचारायच्या आत फोन ठेवलेला होता.

शनिवारी गेलो. वहिनी आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या, त्याच्या जागेवर, कोर्टकडे पाठ करून.  मी रेघ ओलांडली आणि मला जे जमतं तेवढंच केलं, उभा राहिलो. सामना आम्ही हरलो, हेही सांगून टाकतो. घाम पुसत वहिनींच्या शेजारी येऊन बसलो, तशाच पाठ फिरवून, सायकली बघत. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘काय वहिनी, काय ऐकू आलं?’

वहिनी हसल्या नाहीत. ‘सगळ्यांची वेळेवर पडत होती,’ त्या म्हणाल्या. ‘शेवटी शेवटी कुणाची तरी जास्तीची पावलं आली...’ त्यांनी पदराने डोळे टिपले. ‘पण तीही वेळेवर पडत होती, भावजी.’