काचेच्या आतली माटोळी

"पूस! आत्ताच्या आत्ता पूस ते!"

पेडण्याच्या बाजारातला तो कापड दुकानदार असा ओरडला, की मोप्याला उतरणारं विमान वरच्या वर परत गेलं असणार. मी ब्रश दातांत धरून उभा. त्याच्या दर्शनी काचेवर चवथीची माटोळी रंगवून नुकती पुरी झाली होती. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं बांधतात ना, ती अख्खी : माटुळिंग, आंबाडे, घागऱ्या, लालभडक कांगलां.

"सकाळी बरं दिसत होतं. मग तूच त्यावर चिखल फासलास!"

आता काचेचं काम असं. गेल्या चवथीला मी बाहेरून रंगवलं, तर गणपती बसायच्या आधीच पावसानं माझी सगळी फळं गटारात वाहून नेली. मुरगावच्या बंदरात बोटींना अडली म्हणतात. म्हणून यंदा आतून. आतून रंगवायचं तर सगळं उलट : आधी फळावरची चमक, मग फळ, मग सावली, शेवटी मागचा रंग. चमक रस्त्याला, चिखल दुकानाला. आणि हा माणूस दुकान उघडं असताना गादीवरून उठलेला कोणी पाहिलाच नव्हता.

गादीशेजारी म्हापशाहून छापून आणलेला स्टिकर गुंडाळून ठेवलेला. माझी काच पुसली की तो लागणार. त्यावर माटोळीत काय, तर सफरचंदं आणि द्राक्षं! इथं एकदा लागला की उद्या अख्खा बाजार लावेल, आणि मी कोरगावात काजू वेचायला मोकळा.

"पुसणार नाही," मी म्हटलं. "पात्रांव, बाहेर येऊन बघा. नाही आवडलं तर जिभेनं चाटून पुसतो."

"मी कशाला येऊ? दुकान माझं!"

"काच तुमची. माटोळी माझी."

पायरीवर फतकल मारली, पुसायचं फडकं बुडाखाली घातलं. एक बस थांबली. मग दुसरी. तिसरीतली माणसं तर कंडक्टरसकट उतरली. समोरची भाजीवाली म्हातारी काचेला नाक लावून किंचाळली, "गो बाये, कांगलां बघ! रानात हिंडून माझे पाय सोलवटले, आणि हा मेला बसल्याजागी पिकवतो!" तिच्या शेजारणीनं वास घेतला. आंबाडे अजून आंबट आहेत म्हणाली.

शेवटी तो उठला. त्याचे गुडघे वाजले ते डिचोलीत ऐकू गेले. छत्री उघडून बाहेर आला आणि एकेक फळ बोटानं मोजत राहिला. मी बुडाखालचं फडकं पुढं केलं.

"हं, बोला. फडक्यानं की जिभेनं?"

त्यानं फडकं घेतलं, आपला चष्मा पुसला, पुन्हा एकदा बघितलं आणि आत जाऊन गादीवर बसला.

"आणि तो स्टिकर?" मी दारातून विचारलं.

"मागं पत्रा गळतो," तो म्हणाला. "तिथं लावू."