आईचं गाव विचारणारे गणपतराव सर

गणपतराव सरांशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात भांडण कशाला, असं संपादक म्हणतात. पण सरांना गुळगुळीत लिहिलेलं आवडत नाही, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मेडिकलचा माझा प्रवेश जात पडताळणीवर अडकला होता. आम्ही बौद्ध, पडताळणीला मात्र धर्मांतराआधीची आजोबांची नोंद हवी होती. पुढच्या सोमवारी शेवटची तारीख. राधानगरीकडच्या आमच्या गावच्या जुन्या जन्मनोंदी मोडी लिपीत होत्या. त्यांच्या नकला घेऊन दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी मंगळवारी कोल्हापुरात सरांच्या दारात उभे राहिलो. सर मोडीचे जाणकार. कितीतरी घराण्यांच्या वंशावळी त्यांनी नुसत्या चहावर लावून दिल्या आहेत.

आजोबांचं नाव सापडलं, पण पुढे त्यांच्या वडिलांच्या नावाची जागा वाळवीने खाल्लेली. दादा हात जोडून म्हणाले, "सर, तिथं आमच्या आज्याचं नाव हाय म्हणून लिवा की. कोण बघतंय?"

"न्हाय. वाळवीनं खाल्लेलं मी लिवणार न्हाय. दुसऱ्याचं पोरगं तुमच्या घरात घालू का?"

माझं डोकंच फिरलं. "माझं आयुष्य चाललंय इथं, आणि तुम्हाला नियम सुचतायत!"

सर रागावले नाहीत. "पोरी, घरात हातानं लिवलेलं जुनं काय हाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

पणजोबा शाळामास्तर होते. त्यांची रोजनिशी ट्रंकेत पडून होती. घरात मोडी कुणालाच येत नव्हती. सर तीन दिवस ती ओळ न् ओळ वाचत बसले. मी रोज जाऊन समोर बसायची. शुक्रवारी सकाळी ते एका ओळीवर थांबले: ‘हुपरीस जाऊन चिरंजीवाचे मुख पाहिले.’ त्यांनी कपाळावर हात मारला.

"काय येडा मी! पहिलं बाळंतपण माहेरात असतंय की. आईचं गाव इचारलंच न्हाय!"

म्हणजे आजोबा जन्मले आईच्या माहेरी, हुपरीला; वाळवीच्या ओळीतला त्याच नावाचा तो माणूस आमचा नव्हताच. आम्ही तसेच निघालो.

हुपरीच्या नोंदी ठेवलेल्या कचेरीत आम्ही संध्याकाळी पोचलो, तेव्हा कारकून कुलूप हातात घेऊन उभा. "पावणं, धाच मिन्टं," म्हणत सरांनी त्याला थांबवलं. नोंद सापडली. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव आणि जात. सरांना खणखणीत आवाजात वाचायची सवय. त्या दिवशी भोवती माणसं होती. सर उठले, दादांच्या कानाशी वाकले आणि जातीचा तो शब्द हळूच सांगितला. आमच्या घराने मागे टाकलेला शब्द आम्हालाच शोधत यावं लागलं होतं. दादा रडले. सरांचेही डोळे भरले.

प्रवेश मिळाला. पुढे सरांकडेच मोडी शिकले. चुकले की आजही ओरडा खाते. आता माझं प्रसूतिगृह आहे. बाळ जन्मलं की नोंदवहीत आईचं माहेर मी स्वतःच्या हाताने लिहिते, नर्सवर सोडत नाही.

सर पंचाहत्तरीत आले. बीपीची गोळी चुकवतात, हे इथे जाहीर सांगते. सर, गोळी वेळेवर घ्या आणि शंभरी ठणठणीत गाठा. माझ्या वहीतली पोरं मोठी होऊन आपलं मूळ शोधत येतील, तेव्हा "आईचं गाव कुठलं?" असं विचारायला दारात तुम्हीच हवेत.