मनूचे सारस

आज सकाळी बड्या तलावाकडून धुक्यात भिजलेल्या गवताचा वास आला आणि पस्तीस वर्षं मनात दडवलेली एक सकाळ समोर उभी राहिली.

माझी धाकटी बहीण मनू तेव्हा आठवीत होती. दिसेल तो पक्षी वहीत टिपायची. एकदा तिने लिहिलं, तलावापलीकडच्या शेतात माणसाएवढे दोन सारस दिसले.

"बुजगावणी असतील गं, चष्मा लाव!" म्हणत सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सायकलने तिकडून चाललो होतो, तर धुक्यातून ते दोघं पुढे आले. राखाडी अंग, लालभडक डोकी. एकाने पंख उघडले, दुसरा उडी घेऊन त्याच्याभोवती नाचू लागला. मग दोघांनी चोची आभाळाकडे करून अशी हाक दिली की माझी छाती थरथरली. मी सायकल धरून उभाच राहिलो. किती वेळ, कोण जाणे.

घरी मात्र गप्प बसलो. इतका हसलो होतो ना! संध्याकाळी मनूने ती नोंद खोडली, माझ्यासमोर. पुन्हा वहीला हात लावला नाही.

आज तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाचले, दादा? मला तर नुसते उभे दिसले होते. कसे नाचले, सांग ना."