खेळायचा बाक

समुद्राला जायच्या आदल्या दिवशी मी मनाशी एकच ठरवलं होतं, की उद्या दिवसभर ह्यांना काही म्हणजे काही विचारायचं नाही. ही पाटी काय म्हणते विचारायचं नाही, गाडी हीच ना विचारायचं नाही, टॉयलेट लागली तर आपली आपण शोधायची. कारण मी किती घाबरते, किती विचारते, त्यावरच ठरणार होतं मी इथं राहणार का पोराला घेऊन परत जाणार.

आत्या दर रविवारी फोनवर तेच म्हणायची, पाठव तिला इकडं, पोरगं शाळेत घालेपर्यंत राहील माझ्याजवळ, तुझी तरी ओढाताण नको. आत्या म्हणजे माझी सासू. मी ह्यांच्या मामाची मुलगी, अकरावी अर्धी सोडून लग्न झालं, आणि हे इंजिनियर, जर्मनीत हॅनोव्हरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. आत्यानंच मला हौसेनं मागून घेतलं होतं आणि आता आत्याच म्हणत होती हिला तिकडचं झेपत नाही. आणि नव्हतंच झेपत, खोटं कशाला बोलू. बाळाला ताप चढला तेव्हा मी डॉक्टरकडं फोन लावला, तिकडनं बाई भराभर काहीतरी बोलली आणि मी फोन कापला. हे घरी येईपर्यंत पोराच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून रडत बसले. काही झालं नाही, पण झालं असतं तर. ते ह्यांनी आत्याला सांगितलं. आणि मला म्हणाले, "उन्हाळा जाऊ दे, मग बघू." ते 'बघू' पोटात घेऊन मी फिरत होते.

तर समुद्राला जायचं ह्यांच्याच मनात आलं. मी समुद्र पाहिला नव्हता कधी, विमानातनं दिसला तेवढाच. दोन गाड्या बदलून गेलो, बाबागाडी उचलताना एका जिन्यावर माझी चप्पल निसटली, पण मी हूं का चूं केलं नाही. गाव छान होतं. पांढरी घरं, वाळूत वेताच्या मोठ्या टोपल्या करतात तशा खुर्च्या, त्यात माणसं वाऱ्याकडं पाठ करून बसलेली, आणि पक्षी इतके धीट की हातातलं खाणं ओढून नेतात. समुद्र मात्र तळ्यासारखाच वाटला मला, लाटा बारक्या. ते मी बोलले नाही, ह्यांनी पैसे घालून आणलं होतं.

जेवणाचा डबा आम्ही तिथल्याच एका बाकावर बसून खाल्ला. मग हे जरा घुटमळले आणि म्हणाले, इथं एक कॅसिनो आहे, ऑफिसातले लोक सांगत होते, नुसता आत जाऊन बघून येतो, खेळणार नाही काही. आपल्या पाठीवरच्या बॅगेतनं लग्नातला निळा कोट काढला. तेव्हा मला कळलं कोट आधीच घेतलेला होता. बाळाला आत घेत नाहीत, तू इथं थांबशील ना एकटी, म्हणाले. मी म्हटलं, थांबते की, त्यात काय. मला तर बरंच वाटलं, दाखवता येईल थांबता येतं ते.

हे गेले आणि लगेच वारा सुटला, वरनं पावसाचे थेंब, आणि बाळानं शी केली. अंगावर पाजायचं पण होतं त्याला, भुकेनं लाल झाला होता. आता जायचं कुठं. हॉटेलात शिरायची मला भीती वाटायची, आत जाऊन काही घेतलं नाही तर ओरडतील म्हणून. मी बाबागाडी ढकलत निघाले आणि कोपऱ्यावर बाण असलेली पाटी दिसली. श्पीलबांक.

आता मला जर्मन येत नव्हतं, पण त्यातले दोन्ही तुकडे येत होते. माझं सगळं जर्मन मुलांच्या बागेतलं. श्पीलप्लाट्झ म्हणजे खेळायची जागा, श्पीलत्सॉइग म्हणजे खेळणी. आणि बांक मला बागेतल्या एका म्हातारीनं शिकवला होता. ती सारखी बांक, बांक म्हणून बोलवायची, मला वाटलं बँकेचं विचारते, मी आपली मान हलवून नाही नाही करायची. मग तिनं शेजारी हात आपटून दाखवला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, अगं, हा तर आपला बाक. शाळेतला बाक. इतका आनंद झाला होता मला, की इथल्या लोकांच्या एवढ्या अवघड भाषेत एक शब्द माझ्या शाळेतला निघाला. तर श्पीलबांक म्हणजे खेळायचा बाक. लहान मुलांना घेऊन बसायची सोय. ह्यांना विचारावं नाही लागलं, मी एकटीनं वाचलं, म्हणून मी छाती काढून चालले बाणाच्या दिशेनं. हे कॅसिनो म्हणाले होते. श्पीलबांक असं काही म्हणाले नव्हते.

दार आपोआप उघडलं. आत जाड गालिचा, बाबागाडीची चाकं रुतत होती, मंद दिवे, कसलासा गोड वास. मला वाटलं, केवढं करतात हे लोक पोरांसाठी. काउंटरवर काळ्या कोटातला माणूस होता, तो लगबगीनं उठला. मी आधीच पाठ करून ठेवलं होतं, बेबी म्हटलं, विंडेल म्हटलं, म्हणजे लंगोट, बांक बिटं म्हटलं, म्हणजे बाक द्या. तो हसून मान हलवायला लागला आणि म्हणाला, "अब आख्टझेन." अठराच्या पुढं. आकडे मला येत होते, डॉक्टरकडं महिने विचारतात त्यातनं. मला वाटलं, अठरा महिन्यांच्या पुढचीच मुलं घेतात. माझा दहाचा. मग मी खाली वाकून बाळाला दोन्ही हातांनी उचललं, त्याच्यासमोर धरलं आणि जेवढं येत होतं तेवढं बोलले, दहा महिन्यांचा आहे, पण बसतो. एअ कान शोन झित्सन. लसीच्या वेळी डॉक्टरनं म्हटलेलं वाक्य होतं ते.

त्या माणसाला हसू आवरेना. वाईट नव्हता हसत, पण मागं कोट ठेवायला उभी असलेली एक जोडी होती ती पण हसली, आणि बाळ सगळ्यांना हसताना बघून हसायला लागला. शीचा वास येत होता, माझा कुडता दुधानं ओला झाला होता, आणि मी पोराला तसंच हवेत धरून उभी.

तेवढ्यात आतलं काचेचं दार उघडलं आणि हे बाहेर आले. निळ्या कोटात. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हे येतील, त्या माणसाला दोन शब्द सांगतील. बाळाला कडेवर घेऊन मी एक हात पण जरा वर केला. हे वळले. शेजारी भिंतीवर एक चित्र होतं जहाजाचं, ते बघायला लागले, अगदी जवळ जाऊन, जसं काही त्यासाठीच आले होते. मग दार ढकलून परत आत गेले.

वर गेलेल्या हातानं मी बाळाची टोपी नीट केली. एन्टशुल्डिगुंग, माफ करा, म्हटलं त्या माणसाला, आणि निघाले. बाहेर एका झाडाखालच्या बाकावर पावसातच लंगोट बदलला, ओढणीखाली पाजलं. परत पहिल्या जागेवर येऊन बसले.

हे आले तेव्हा कोट बॅगेत होता.

"इथंच होतीस ना?"

"हो."

थंडी वाजली का विचारलं, मी नाही म्हटलं. मग ह्यांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं, दोन गोळ्यांचं. एरवी एकच घेतो आम्ही दोघांत. दात शिवशिवत होते तरी मी ते संपवलं.

येताना गाडीत बाळ झोपला. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथं कशाला आलीस?"

मी कुठं म्हणून नाही विचारलं. बाक, बाग, म्हातारी, सगळं सांगितलं, एका दमात. मला वाटलं हसतील, हसले असते तर बरं झालं असतं.

"शब्द बरोबर जोडलास तू, पण श्पीलबांक म्हणजेच कॅसिनो," म्हणाले. आणि मग, "आईला बोलू नकोस."

"आत गेलात ते?"

"सगळंच."

म्हणजे हे पण घाबरतात आत्याला, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पण त्यानं मला धीर नाही आला. उलट माझेच कान तापले, जसं काही मीच त्यांना उघडं बघितलं होतं.

रविवारी आत्याचा फोन आला, ह्यांनी स्पीकरवर ठेवला. समुद्र कसा होता वगैरे झालं आणि मग तिनं विचारलं, कधी पाठवतोस. मी भांडी घासत होते, नळ बंद केला.

"तिचा भाषेचा कोर्स लागलाय आई," हे म्हणाले. "आता नाही जमायचं."

कोर्स बिर्स काही नव्हता. आत्या म्हणाली, दहावीला इंग्रजीत काठावर निघालेली पोरगी, तिला काय झेपणार.

"झेपतंय तिला," हे म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. त्या दिवसानंतर बरेच दिवस नीट बघत नव्हतेच.

राहिले मी. जे हवं होतं ते मिळालं, त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला माहीत होतं, मला जमतं म्हणून नव्हतं ठेवलं ह्यांनी. मी त्यांना वळताना बघितलं होतं म्हणून ठेवलं होतं. नळ परत सोडला मी, भांडी राहिली होती.

मग खरंच कोर्स शोधावा लागला. आता सकाळी जाते, बाळाला शेजारच्या खोलीत सांभाळतात. परवा टीचरनं फळ्यावर श्पील लिहिलं आणि पुढं काय काय लागतं ते एकेकीला विचारलं. माझ्या आधीची म्हणाली श्पीलप्लाट्झ. मी पण श्पीलप्लाट्झच म्हटलं. टीचर म्हणाली, तो झाला, दुसरा येतो का एखादा.

मी मान हलवून नाही म्हटलं.