उदयोन्मुख नात

२३ ऑक्टोबर, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. माझ्या धाकट्या बहिणीची नात माझ्या स्वयंपाकघरात मरण पावली. त्या आठवड्यातली ही चौथी खेप. इतक्या वारंवार, इतक्या मनापासून आणि एवढ्या अरुंद जागेत मरणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही. मी चहाचे आधण ठेवले होते. शेगडीपर्यंत जाण्यासाठी मला तिला ओलांडावे लागले.

“आजोबा, हेल्प करू नका,” ती जमिनीवरूनच म्हणाली. “मी अजून डाय होतेय.”

“लवकर आटप. दूध फ्रीजमध्ये आहे आणि तू त्याच्या दाराला टेकली आहेस.”

ती सत्तावीस वर्षांची. जन्म आणि वाढ मेलबर्नची, व्यवसाय अभिनयाचा. मी एक्याऐंशी वर्षांचा. जपानमधल्या कोबेच्या बंदरात कोणते जहाज कोणत्या धक्क्याला किती वाजता लागेल, हे ठरवण्यात माझी सारी नोकरी सरली. पत्नी गेल्यापासून इथेच एकटा राहतो. मे महिन्यात ही मुलगी दोन पात्रांच्या एका नाटकाबरोबर क्योतोला आली. नाटक चार प्रयोगांत आटोपले. दोन आठवडे राहते म्हणून ती माझ्याकडे आली, स्टेशनजवळच्या बेकरीत अर्धवेळ काम धरले, आणि ऑक्टोबर उलटत आला तरी तिचे दोन आठवडे संपले नव्हते.

तिकडची वर्तमानपत्रे अशा मुलांना ‘उदयोन्मुख’ म्हणतात. मला या शब्दाचा संताप येतो. सूर्यालाही उगवायला इतका वेळ लागत नाही. तीन वर्षे नाट्यशाळेत शिकलेल्या या मुलीने पाच वर्षांत सात मालिकांत काम केले. पैकी सहांत ती परिचारिका होती. सहा वेळा तिने “डॉक्टर आता येतीलच” एवढे एकच वाक्य म्हटले, आणि प्रत्येक वेळी ते वेगळ्या अंतःकरणाने म्हटले असा तिचा दावा आहे. सातव्या मालिकेत बढती मिळून ती प्रेत झाली. जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नऊ तास समुद्रकिनाऱ्यावर पडून राहिली आणि कॅमेरा सुरू होताच शिंकली. रंगभूमीवर तिचे यश मोठे आहे. एका बालनाट्यात ती काकाकुवा होती. परीक्षणात काकाकुव्याचे कौतुक झाले, तिचे नाव मात्र छापायचे राहिले.

तिचे मित्र रोज फोनच्या पडद्यावरून माझ्या जेवणाच्या टेबलावर येत. सगळेच उदयोन्मुख. एकाचे केस सोनेरी, म्हणून त्याला दर वेळी लाटांवर फळी घेऊन धावणारा तरुण करतात, आणि त्या बिचाऱ्याला पाण्याची भीती वाटते. दुसरा खरोखरच मेंढ्या पाळणाऱ्याचा मुलगा. मेंढपाळाच्या भूमिकेसाठी गेला, तर तो पुरेसा खेडवळ वाटत नाही म्हणून परत पाठवला, आणि ती भूमिका शहरातल्या एका वकिलाच्या मुलाला दिली. हे सांगताना ती मुले पोट धरून हसत होती. मला हसू आले नाही. बंदरात एखाद्या माणसाने गव्हाचे जहाज कोळशाच्या धक्क्याला लावले असते, तर त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी कामावर घेतले नसते. या नटांच्या धंद्यात अशा माणसांकडे मुलांची आयुष्ये सोपवतात.

तिच्या सवयींविषयी थोडक्यात लिहिणे अशक्य आहे. कांदा चिरताना ती थांबून विचारी, “आजोबा, ही बाई कांदा का चिरतेय?” पोह्यांसाठी, असे मी सांगे. “तसं नाही हो. आतून का?” अशा वेळी पोहे नऊ वाजता होत. रस्त्यात दिसेल त्याची चाल उचलणे ही दुसरी खोड. आमच्या गल्लीत कचऱ्याच्या वर्गीकरणावर नजर ठेवणाऱ्या एक शेजारीण आहेत. बाटलीचे झाकण चुकीच्या पिशवीत गेले, तर त्या पिशवी परत दारात आणून ठेवतात. ही एकदा त्यांच्या मागोमाग हुबेहूब त्यांच्यासारखी कंबरेत वाकून, लंगडत चालत गेली. समोर गाडी उभी होती. गाडीच्या काचेत बाईंना सगळे दिसले. मी माफी मागायला पुढे झालो, तर बाई मागे वळून तिला म्हणाल्या, “गुडघा उजवा दुखतो, डावा नाही.” त्यानंतर त्या दोघी रोज बोलू लागल्या. चाळीस वर्षांत त्या बाई माझ्याशी केवळ झाकणांविषयी बोलल्या आहेत.

माझा छळ मात्र वेगळा होता. हल्ली निवड करणारे लोक नटांना समोर बोलावत नाहीत. संध्याकाळी संवादाची पाने पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी घरीच चित्रित केलेली फीत मागतात. कॅमेऱ्यासमोर नट असतो. समोरच्या पात्राची वाक्ये कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायची असतात, आणि ती सपाट वाचायची असतात, म्हणजे लक्ष नटावर राहते. त्या वाचणाऱ्याला रीडर म्हणतात. जूनपासून तो मी होतो. मी तिचा प्रियकर, तिचा पोलीस अधिकारी आणि एकदा तिची सासू झालो आहे.

“आजोबा, तुम्ही बेस्ट रीडर आहात,” ती म्हणे. “तुमच्या आवाजात काहीच नसतं!”

या वेळची भूमिका परिचारिकेची नव्हती. सहा भागांच्या मालिकेत मुख्य पात्र, मोठी जहाजे दोराने ओढणाऱ्या टगबोटीची कप्तान. शेवटी दोर तुटून ती मरते; स्वयंपाकघरातले चौथे मरण तेच. २२ तारखेच्या संध्याकाळी पाने आली आणि त्यानंतर तासाभराने तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या भाच्याचा फोन आला. ती बेकरीत होती.

“मामा, तुमचं ऐकते ती. सांगा तिला, आता पुरे. फेब्रुवारीत फिजिओथेरपीचा कोर्स सुरू होतोय. हा रोल नाही मिळाला तर घरी ये म्हणावं.”

“आणि मिळाला तर?”

“मामा, पाच वर्षांत कधी मिळालाय?”

मी सांगतो म्हटले. मला त्याचा राग आला होता, तरीही मी सांगतो म्हटले.

फीत सिडनीच्या दुपारी बारापर्यंत पोहोचायची होती. मी म्हणालो, “म्हणजे आपले अकरा. एक तासाचा फरक.” वेळेच्या बाबतीत ती मला कधी पडताळून पाहत नसे. मी नेहमीप्रमाणे फिरायला गेलो, न्याहारी केली, आणि साडेआठला आम्ही बसलो. पहिली फीत जुन्या सायकली गोळा करणाऱ्या गाडीच्या भोंग्याने वाया गेली. दुसरी मी थांबवली. बंदराच्या नियंत्रण कक्षाचे माझे वाक्य होते, ‘जहाज ताबडतोब थांबवा.’

“हे मी वाचणार नाही. जहाज ताबडतोब थांबत नसते. लिहिणाऱ्याने बंदर पाहिलेले नाही.”

“आजोबा, प्लीज! तो रायटर आहे, त्याला अवॉर्ड मिळालंय.”

“तरी जहाज थांबत नसते. अशा वेळी टगला दोर सोडायला सांगतात.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “मग तेच म्हणा.”

यात अर्धा तास गेला. पाचव्या फितीत ती काल्पनिक दोर धरून अशी उभी राहिली, की तो तुटणार हे मला दिसले. मी मोठ्याने ओरडलो, “दोर सोड! सोड म्हणतो ना!” ती हलली नाही. तिने फक्त माझ्या दिशेने मान वळवली आणि ‘नाही’ म्हणाली. पानावर तो शब्द नव्हता.

“आजोबा, तुम्ही फील केलंत.”

“मी आदेश दिला.”

दहा वाजून आठ मिनिटे झाली होती. ती फीत पाठवायला बसली, तेवढ्यात तिच्या सिडनीच्या एजंटचा निरोप आला. बारा वाजून गेले, पाठवण्याचा दुवा बंद झाला, फीत कुठे आहे? ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात. जपानात घड्याळाला कुणी हात लावत नाही. फरक दोन तासांचा झाला होता. पंचवीस वर्षे मी सिडनीच्या जहाजांच्या वेळा लावल्या आहेत, आणि नेमकी हीच गोष्ट विसरलो.

तिने आरडाओरडा केला नाही, कपाळावर हात मारला नाही. अभिनयाचे एकही लक्षण दिसले नाही. “इट्स ओके, आजोबा. मीच चेक करायला हवं होतं,” म्हणाली आणि खुर्चीवर हात मांडीत ठेवून बसली. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते. भाच्याला हवे होते ते माझ्या हातून न बोलता घडले होते. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आलेला नाही, जितका त्या क्षणी स्वतःचा आला.

मी तिच्याकडून क्रमांक घेऊन एजंटला फोन केला. “उशीर झाला आहे. चूक तिची नाही, माझी आहे. सवलत मागत नाही, चूक नोंदवतो आहे. फीत आता पाठवतो, ती पाहावी.”

“आपण कोण?” पलीकडच्या बाईंनी विचारले.

“रीडर.”

बाईंनी पुढे पाठवते म्हटले, खात्री दिली नाही. पुढचे सांगून टाकतो. ती भूमिका दुसरीला मिळाली. त्याच मालिकेत हिला परिचारिकेची भूमिका देऊ केली. तिने पहिल्यांदाच नकार दिला, आणि डिसेंबरात ॲडिलेडच्या एका लहानशा नाटकमंडळीत गेली. तिथे तिला बोलायला पानेच्या पाने आहेत, असे ऐकतो. घर शांत आहे. शांतता मला नेहमीच आवडत आली. ती इतकी लांबलचक असते, हे ठाऊक नव्हते.

फीत चुकली त्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा पुन्हा फोन आला. “सांगितलंत का, मामा?”

“नाही. सांगणारही नाही. तिला काम येते. मी समोर बसून पाहिले आहे.”

तो बराच वेळ बोलला. मी ऐकून घेतले आणि फोन ठेवला. मग त्याने टपालाने पाठवलेली फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाची पुस्तिका कपाटातून काढून तिच्यासमोर धरली. पुस्तिका आठवडाभर कपाटात पडून होती, हेही सांगितले.

“ही तुझ्यासाठी आली आहे. हवी आहे का?”

तिने पहिले पान उघडले, वाचले आणि मिटले. “नको, आजोबा.”

दुसऱ्या दिवशी कागद नेणारी गाडी येणार होती. मी पुस्तिकेच्या पिना चिमट्याने काढल्या, पाने जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातली, गठ्ठा सुतळीने आडवा-उभा बांधला आणि दाराबाहेर ठेवला.